‘माझ्यात सांगण्यासारखं काही नाही’ म्हणणाऱ्या मेंटेनन्स इंजिनिअरला

प्रश्न असा आला आहे: “ताई, मी नागपूरजवळ बुटीबोरीला एका कारखान्यात सहा वर्षांपासून मेंटेनन्समध्ये आहे. एमबीए प्रवेशासाठीची जीमॅट परीक्षा झाली, स्कोअर बरा आहे. परदेशातल्या दोन आणि आपल्याकडच्या एका बिझनेस स्कूलला अर्ज करायचा आहे. सप्टेंबरची पहिली फेरी हुकली, आता जानेवारीची धरायची आहे. पण अर्जातल्या निबंधापाशी गाडं अडलं. तीन आठवडे झाले, एक परिच्छेद धड होऊन नाही राहिला. माझ्याजवळ ना स्टार्टअप, ना एनजीओ, ना कुठलं पदक. शाळा-कॉलेज सगळं नागपुरातच झालं. एकदा रात्रपाळीत उत्पादनाची चालू लाइन बंद केली म्हणून साहेबांची बोलणी खाल्ली, तेवढंच काय ते. अशा साध्या माणसानं निबंधात काय लिहावं? की एखाद्या कन्सल्टंटकडून लिहून घेऊ?”

वयानं तू माझ्या भाच्याएवढा आहेस, म्हणून अरे-तुरे करते. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्याशी थांबले. स्टार्टअप नाही, पदक नाही, हे तू सविस्तर लिहिलंस आणि रात्रपाळीत लाइन बंद केल्याचं मात्र ‘तेवढंच काय ते’ म्हणून उरकून टाकलंस. तुझा निबंध तिथंच आहे.

मी हिंगण्याच्या एमआयडीसीत अकरा वर्षं पर्सोनेलला काढली आहेत आणि त्यानंतरची चौदा वर्षं धरमपेठेत घरीच मुलांचे अर्ज वाचते आहे. म्हणून चालू लाइन बंद करणं म्हणजे काय, ते मला कोणी समजावून सांगायला नको. प्रॉडक्शनवाले अंगावर येतात. सकाळच्या मीटिंगमध्ये किती मिनिटं गेली त्याचा हिशोब सगळ्यांदेखत मागितला जातो. डिस्पॅचची गाडी गेटवर उभी असते. अशा वेळी सहा वर्षांच्या नोकरीतला एक पोरगा रात्री, वर विचारायला कोणी नसताना, बटण दाबतो. का दाबलं असेल त्यानं? काय दिसलं, काय ऐकू आलं? बाजूला कोण होतं, आणि ते काय म्हणालं? बोलणी खाल्ली तेव्हा तो गप्प बसला की काही बोलला? पुढच्या वेळी तशीच वेळ आली तेव्हा त्याचा हात थरथरला का? या प्रश्नांची उत्तरं फक्त तुझ्याजवळ आहेत. बिझनेस स्कूलला नेमकं हेच हवं असतं, कारण तुझे मार्क, पगार, पद हे सगळं अर्जाच्या बाकीच्या रकान्यांत आलेलंच असतं. पूर्ण माहिती हाती नसताना, चुकलं तर आपल्यावर येणार हे ठाऊक असताना हा माणूस कसा ठरवतो, हे निबंधाशिवाय दुसरीकडे कुठं दिसत नाही.

स्कूलवाले विचारतात काय, ते एकदा नीट बघून घे. स्टॅनफर्डचा प्रश्न वर्षानुवर्षं तोच आहे: तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय, आणि का? हार्वर्ड बरीच वर्षं एकच मोकळा प्रश्न विचारत असे, की तुमच्याबद्दल आम्हाला आणखी काय माहीत असावं. २०२४ मध्ये त्यांनी तो बदलून तीन छोटे प्रश्न केले. एक धंद्या-व्यवसायाबद्दलच्या निवडींवर, एक नेतृत्वावर आणि एक कुतूहलातून झालेल्या वाढीवर. पहिल्याला ३०० शब्द, उरलेल्या दोघांना अडीचशे-अडीचशे. युरोपातलं इन्सियाड बरीच वर्षं सरळ सांगत आलं की स्वतःचं प्रांजळ वर्णन करा, गुण आणि दोष दोन्ही, ५०० शब्दांत. एमआयटी स्लोन तर मोठ्या निबंधाऐवजी ३०० शब्दांचं पत्र मागतं. आपल्याकडे कॅट देऊन आयआयएमच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथं असा घरून लिहिलेला निबंध सहसा लागत नाही, मुलाखतीच्या वेळी समोर बसवून थोड्या वेळाची लेखी चाचणी घेतात. पण अनुभवी लोकांचे एक वर्षाचे अभ्यासक्रम, म्हणजे अहमदाबादचं पीजीपीएक्स, बंगळूरचं ईपीजीपी, कलकत्त्याचं एमबीएईएक्स, आणि हैदराबाद-मोहालीचं आयएसबी, यांच्या अर्जात तुझं स्वतःचं लिखाण लागतं. प्रश्न आणि शब्दमर्यादा दरवर्षी हलतात. म्हणून मी दिलेले आकडे पाठ करू नकोस, ज्या वर्षी अर्ज भरतोस त्या वर्षीचं पान उघडून बघ. मात्र एक लक्षात ठेव. २०२३ च्या नोव्हेंबरात नवी जीमॅट आली, तिच्यातून लेखनाचा भाग गेला. तुझ्या हातचं लिखाण वाचायला मिळण्याची जागा आता हीच उरली आहे, आणि वाचणारा माणूस ते गंभीरपणे वाचतो.

आता अडचणीकडे येते. गेल्या चौदा वर्षांत आपल्याकडची हुशार मुलं एकाच ठिकाणी अडकताना पाहिली आहेत, आणि ती जागा इंग्रजी नाही. ती जागा म्हणजे ‘मी’. आपल्या घरांत लहानपणापासून शिकवतात, ‘मी मी करू नये, चारचौघांत बरं दिसत नाही’. चांगली शिकवण आहे, मला तीच मिळाली. पुढे नोकरीत कार्यालयीन भाषा येते आणि तिच्यात तर माणूसच नसतो. ‘निर्णय घेण्यात आला’, ‘दुरुस्ती करण्यात आली’, ‘सुधारणा दिसून आली’. कोणी घेतला, कोणी केली, कोणाला दिसली? तोच सूर इंग्रजीत उतरतो आणि पूर्ण पान वाचूनही कळत नाही की यात अर्ज करणारा कुठं उभा होता.

आपल्या भाषेत एक सोय आहे, ती वापर. मराठीत ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. इंग्रजीत दोघांना एकच शब्द, आणि त्यात ‘मी’सुद्धा लपून बसतो. म्हणून मी मुलांना सांगते की तुमच्या इंग्रजी मसुद्यात जिथं जिथं ‘वुई’ आलाय तिथं पेन्सिलीनं वर मराठीत लिहा: मी, आम्ही, आपण, की साहेब. एका मुलाच्या मसुद्यात चौदा ‘वुई’ होते. त्यातले नऊ ‘साहेब’ निघाले, तीन ‘आम्ही’ आणि दोनच ‘मी’. तो गप्प झाला. पण ते दोन ‘मी’ असे सुरेख होते की निबंध त्या दोघांवरच उभा राहिला.

आणि ‘मी’ लिहिणं म्हणजे बढाई नव्हे. ‘मी उत्तम नेता आहे’ ही बढाई झाली. ‘मी बटण दाबलं आणि प्रॉडक्शनच्या शिफ्ट इन्चार्जला फोन लावला’ ही हकिकत आहे. पहिलं वाचून वाचणाऱ्याला शंका येते. दुसरं वाचून तो स्वतःच काय ते ठरवतो.

तुझ्याच प्रसंगावर करून दाखवते. तपशील मला ठाऊक नाहीत, म्हणून समजून चालू की गिअरबॉक्सच्या आवाजावरून संशय आला होता. तू निबंध इंग्रजीत लिहिशील, मी मराठीत दाखवते, हाडं तीच. आज तू लिहायला बसलास तर बहुतेक असं लिहिशील:

“एका महत्त्वाच्या उत्पादन प्रक्रियेदरम्यान संभाव्य तांत्रिक बिघाड ओळखून मी तत्परतेने कार्यवाही केली. विविध विभागांशी समन्वय साधून मोठे नुकसान टाळण्यात आले. या अनुभवातून मला नेतृत्व, जबाबदारी आणि संवादकौशल्याचे महत्त्व समजले.”

यात खोटं काही नाही. पण बुटीबोरी, चाकण, हलोल, कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही इंजिनिअरनं सही करावी असं हे आहे. आता हे वाच:

“रात्रीचे दोन वाजून गेले होते. ऑपरेटर म्हणाला, ‘सर, आवाज बदलला.’ मला बदल ऐकू आला नाही. मीटरवरचं तापमान मर्यादेच्या आत होतं. पण तो त्या मशीनवर एकोणीस वर्षं उभा होता आणि मी सहा वर्षांत त्याला एकदाही उगाच बोलताना ऐकलं नव्हतं. मी लाइन बंद केली. उघडून बघेपर्यंत चाळीस मिनिटं गेली आणि आत काहीच सापडलं नाही. सकाळी साहेबांनी विचारलं, कशाच्या आधारावर बंद केलीस? ‘ऑपरेटरच्या कानाच्या’ असं सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी म्हणालो, मला शंका आली.”

शेवटची दोन वाक्यं बघ. या माणसानं एका कामगाराच्या शब्दावर विश्वास टाकला, ही एक गोष्ट. सकाळी त्या कामगाराचं नाव त्यानं घेतलं नाही. ते त्याला वाचवण्यासाठी होतं की स्वतःची लाज झाकण्यासाठी, हे त्याचं त्यालाच नक्की माहीत नाही, ही दुसरी. निबंध या दुसऱ्या गोष्टीचा आहे. पुढचे दोनशे शब्द आपोआप येतात: त्यानंतर त्यानं काय केलं, ऑपरेटरच्या निरीक्षणांची लॉगबुकात नोंद सुरू केली का, कोणी विरोध केला का, आणि आज तो आपल्याहून कमी पगाराच्या माणसाचं म्हणणं कसं ऐकतो. आत बिघाड सापडलाच नाही, तरी चालतं. उलट मला तर असा प्रसंग जास्त आवडतो, कारण यश आलं की कोणताही निर्णय शहाणपणाचा दिसतो.

तुझं खरं काय घडलं ते यापेक्षा वेगळं असेल. ते तसंच लिही. माझं हे उदाहरण उचलू नकोस.

दुसरा एक निबंध सांगते. मुलीची ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून सांगते. घरची संत्र्याची बाग काटोलकडे, ती स्वतः नागपूरच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रात सॉफ्टवेअर कंपनीत. पहिला मसुदा घेऊन आली तेव्हा सुरुवातच अशी होती की तंत्रज्ञानाच्या मदतीनं विदर्भातल्या शेतकऱ्याला सक्षम करणं हे तिचं स्वप्न आहे. मी वही मिटली आणि विचारलं, “घरच्या बागेत तू कधी काही बिघडवलं आहेस का?” ती हसली, मग तिचे डोळे भरून आले. चहा दोनदा झाला, तेव्हा कुठं गोष्ट बाहेर आली.

त्यांच्याकडे बाग दरवर्षी एकाच व्यापाऱ्याला ठोक द्यायची पद्धत. बांगलादेशनं संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं तसा व्यापाऱ्यानं भाव पाडला. हिला वाटलं, बाबा भोळे आहेत, व्यापारी त्यांना फसवतो आहे. दिल्लीच्या आझादपूर मंडीचे भाव तिनं मोबाइलवर काढले, वहीत हिशोब मांडला आणि आंबिया बहाराचा, म्हणजे त्या हंगामाचा, माल क्रेटमध्ये भरून थेट दिल्लीला पाठवायला बाबांना राजी केलं. हजार किलोमीटरच्या वरचा रस्ता. ट्रक वाटेत दोन दिवस बंद पडला. माल पोचला तेव्हा खालचे क्रेट नरम पडले होते आणि भावही उतरला होता. व्यापारी देत होता त्याहून कमी पैसे हातात आले. त्या रात्री बाबांनी फोनवर फक्त एवढं विचारलं, “जेवली का?”

तिच्या निबंधातलं एक वाक्य मला पाठ आहे: ‘मी भाव मोजला होता, वेळ मोजला नव्हता, व्यापारी वीस वर्षं वेळेचे पैसे घेत होता आणि मी त्याला चोर समजत होते.’ पुढच्या वर्षी तिनं बाग त्याच व्यापाऱ्याला दिली. फक्त आधी माल आपल्या हातानं निवडला, आणि चुरी, म्हणजे बारीक फळ, वेगळं काढून रसवाल्यांना विकलं. जगातला कोणताही स्कूलवाला हे वाचून पुरवठा साखळी, जोखीम, मध्यस्थाचं मोल हे सगळं ओळखतो, आणि यातला एकही शब्द तिनं वापरला नव्हता. पहिल्या मसुद्यातलं ‘सक्षम करणं’ आपोआप गळून पडलं, कारण आता तिला माहीत होतं की शेतकऱ्याला शिकवायला गेलेल्या माणसाला काय काय माहीत नसतं.

याच्याशी लागून एक गोष्ट, आणि ती मी जरा कडकपणे सांगते. विदर्भातली मुलं निबंध शेतकरी आत्महत्यांपासून सुरू करतात. ज्यांच्या घरात ते घडलं, त्यांना तो हक्क आहे, आणि त्यांना मी सांगते की लिहायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, कोणाच्या प्रवेशासाठी ते उघडं करायची गरज नाही. पण नागपूरच्या लक्ष्मीनगरात वाढलेल्या, शेताच्या बांधावर कधी न उतरलेल्या मुलानं यवतमाळच्या विधवेचं दुःख आपल्या पहिल्या परिच्छेदात आणून ठेवावं, हे मला सहन होत नाही. ते दुःख उसनं घ्यायचं नसतं. वाचणाऱ्यालाही ते कळतं, कारण दुसऱ्या परिच्छेदात त्या बाईचा पत्ता नसतो.

आपल्या वारशाचंही तसंच, फक्त तिथं प्रश्न हक्काचा नसून जागेचा असतो. एका मुलीचे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते. साडेसहाशे शब्दांतले चारशे तिनं त्या दिवसाला दिले होते, आणि लिहिलं होतंही मनापासून. मी तिला विचारलं, “आजोबांनी त्या दिवशी पाऊल उचललं. तू कधी उचललंस?” बऱ्याच वेळानं तिनं सांगितलं की कंपनीत नोकरभरतीसाठी ठरलेल्या कॉलेजांची यादी होती, त्यात चंद्रपूर-गडचिरोलीकडचं एकही नव्हतं. तिनं दोन नावं सुचवली, वरिष्ठ नाही म्हणाले, तिनं सुट्टी टाकून स्वतःच्या खर्चानं त्या कॉलेजांत जाऊन मुलांची चाचणी घेतली आणि निकाल टेबलावर ठेवला. आजोबा शेवटच्या मसुद्यात तीन ओळींत आले. त्या तीन ओळी वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

झिरो माइल, समृद्धी महामार्ग, ‘भारताच्या मध्यभागी वसलेलं माझं शहर’ हे सगळं मात्र काढून टाक, तुझ्या कामाशी त्याचा थेट संबंध नसेल तर. एका लॉजिस्टिक्सवाल्या मुलानं ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवर लिहिलं होतं आणि ते चाललं, कारण मुंबईला जाणाऱ्या त्याच्या गाड्यांचं वेळापत्रक त्या रस्त्यानं बदललं होतं आणि दोन जुन्या ड्रायव्हरांना रात्रीचा तो एकसुरी रस्ता झेपत नव्हता म्हणून त्याला कामाच्या पाळ्या नव्यानं लावाव्या लागल्या होत्या. शोभेसाठी आलेलं शहर वाचणाऱ्याच्या डोक्यात दोन मिनिटंही राहत नाही.

‘एमबीए का, आत्ताच का, इथंच का’ यावर फार लिहीत नाही, कारण हा भाग त्यामानानं सोपा आहे. जे आत्ता करता येत नाही ते नेमकं सांग. ‘मला मशीन का बंद पडतं ते कळतं, पण प्लांट हेडसमोर नवं मशीन घ्या असं म्हणायला लागणारा पैशाचा हिशोब मला मांडता येत नाही’, एवढं खरं वाक्य पानभर व्हिजनपेक्षा मोलाचं. स्कूलच्या वेबसाइटवरून प्राध्यापकांची आणि क्लबांची नावं उचलून चिकटवू नकोस. तिथं शिकलेल्या एक-दोघांशी बोल आणि त्यांच्या बोलण्यातलं जे तुझ्या कामाला लागू पडलं तेवढंच लिही. आणि परत नागपूरला यायचं मनात नसेल तर ‘मी परत येईन’ असं लिहू नकोस. मुलाखतीत तो धागा कोणीतरी ओढतंच.

आता कन्सल्टंटचं. तू सरळ विचारलंस, मीही सरळ सांगते: लिहून घेऊ नकोस. हे मी तत्त्व म्हणून सांगत नाही, स्वतःच्या हातून घडलेल्या चुकीवरून सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाचा निबंध मी इतका घासला-पुसला की त्यात त्याचं एकही वाक्य राहिलं नाही. मला वाटत होतं मी त्याला मदत करते आहे. मुलाखतीचं बोलावणं आलं, घरी पेढे वाटले गेले. मुलाखतीत समोरच्यानं निबंधातलं एक वाक्य वाचून दाखवलं आणि म्हटलं, हे जरा उलगडून सांगा. ते वाक्य माझं होतं. त्याला ते सांगता आलं नाही. प्रवेश हुकला. तो मला कधी काही बोलला नाही, पण त्या दिवसापासून मी कोणाच्याही वाक्याला हात लावत नाही. समासात फक्त प्रश्न लिहिते: ‘कोण?’, ‘मग?’, ‘तुला कसं कळलं?’, ‘हे खरं वाटत नाही, आणखी सांग.’ वाचून प्रश्न विचारणारा माणूस मिळाला तर जरूर घे, पैसे देऊनही घे. वाक्यं पुरवणाऱ्याच्या दारात जाऊ नकोस. चॅटजीपीटीलाही हेच लागू. बऱ्याच स्कूलांचा त्याबाबतचा नियम अर्जाच्या पानावर असतो, तो वाच. शेवटी हे सगळं माझं स्वतःचं आहे असं तूच मान्य करून अर्ज पाठवतोस. स्कूलं मजकूर तपासणारं सॉफ्टवेअर वापरतात, प्रवेशानंतर नोकरीचे तपशील पडताळतात, आणि खोटं सापडलं तर दिलेला प्रवेश काढूनही घेतात.

इंग्रजीची भीती तुझ्या पत्रात नाही, पण ती असतेच, म्हणून बोलते. वाक्य साधं ठेव. आधी मराठीत सांग, तेही लिहून नाही, बोलून. अंबाझरी किंवा फुटाळा तलावावर संध्याकाळी जा, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू कर आणि ज्या मित्रासमोर तू मोकळा असतोस त्याला ती रात्र सांग. ‘काय सांगू बावा तुले’ इथूनच सुरू कर. सांगताना तू कुठं थांबलास, कुठं आवाज चढला, मित्रानं कुठं ‘मंग?’ म्हणून विचारलं, ते घरी येऊन ऐक. ज्या जागी त्यानं ‘मंग?’ विचारलं ती निबंधाची जागा. त्यानंतर रेकॉर्डिंग बाजूला ठेवून इंग्रजीत नव्यानं लिही, वाक्याला वाक्य उतरवू नकोस, नाहीतर मराठीची ऐट जाईल आणि इंग्रजीची येणार नाही. आडत्या, बहार, पाळी असे शब्द अडले तर तसेच ठेव आणि लगेच चार शब्दांत अर्थ सांग. वाचणाऱ्याला ते आवडतं.

पहिला मसुदा मर्यादेच्या दुप्पट झाला तरी होऊ दे. मग आठवडाभर त्याला हात लावू नकोस. नंतर मोठ्यानं वाच. बहुतेकांचा पहिला परिच्छेद हा घसा खाकरणं असतो, तो कापला की निबंध दुसऱ्यापासून नीट सुरू होतो. शेवटी ‘या अनुभवातून मी शिकलो की’ असं आलं तर तेही काप. शिकलास की नाही हे तू त्यानंतर काय केलंस त्यावरून दिसू दे. दिवाळीपर्यंत दोन प्रसंग पक्के झाले तर जानेवारी आरामात गाठता येते. डिसेंबरात सुरुवात करणारी मुलं मात्र शेवटी कोणाचा तरी नमुना समोर ठेवून लिहितात.

अजून एक गोष्ट, जी तुझ्या लक्षात आली नसावी. शिफारसपत्र. बरीच स्कूलं शिफारस करणाऱ्याला एक ठरावीक प्रश्न विचारतात, की तुम्ही या उमेदवाराला दिलेली सगळ्यात महत्त्वाची सुधारणेची सूचना कोणती, आणि त्यानं ती कशी घेतली. ज्या साहेबांनी तुला त्या सकाळी झापलं, त्यांच्याहून चांगलं उत्तर याला कोण देईल? ते अजून तिथंच असतील आणि पुढे तुमचं बरं जमलं असेल, तर त्यांच्याकडे जा. निबंध दाखवू नकोस, काय लिहायचं ते सांगू नकोस. फक्त म्हण, “सर, त्या रात्रीचं तुम्हाला आठवतं तसं लिहा.” त्यांच्या बाजूनं ती रात्र वेगळी दिसेल. एकाच रात्रीच्या दोन खऱ्या हकिकती अर्जात समोरासमोर आल्या की वाचणारा विश्वास टाकतो. ते तयार नसतील, किंवा अजून मनात राग धरून असतील, तर आग्रह करू नकोस. तुझं रोजचं काम ज्यानं जवळून पाहिलंय असा दुसरा वरिष्ठ बघ. मोठ्या पदाच्या, पण तुला नावानंही न ओळखणाऱ्या माणसाची सही घेऊ नकोस.

आता एवढंच कर. निबंध लिहू नकोस. त्या रात्री बाजूला कोण उभं होतं, ते तुला काय म्हणालं आणि सकाळी साहेबांसमोर तू जे बोलायचं टाळलंस ते काय होतं, हे एका पानावर मराठीत लिहून मला पाठव. शुद्धलेखन बघू नकोस. या रविवारी मला वेळ आहे.